चाचीच्या नावाचं मीटर

माणूस पहिल्यांदा भेटला की चाचा त्याला टरबुजासारखं वाजवून बघायचे. खांद्यावर बोटाच्या पेरानं टकटक करायची, मान तिरकी करून ऐकायचं आणि निकाल द्यायचा. केजला बदली झाल्यावर मी खोली बघायला त्यांच्या दारात उभा राहिलो, तेव्हा माझीही परीक्षा झाली.

"शिक्षक?"

"हो. गेवराईहून आलोय. माफ करा, अवेळी आलो. तुमची जेवायची वेळ असेल. मी नंतर येऊ का?"

चाचांनी माझा खांदा वाजवला, डोळे मिटून ऐकलं आणि घरात तोंड करून मोठ्यानं सांगितलं, "सीताफळ हाय!"

आतून कुणीतरी हसल्यासारखा आवाज आला. अर्धा आवाज. त्या चाची होत्या, हे मला मागाहून कळलं.

सीताफळ म्हणजे काय, ते विचारायचं धाडस मला महिनाभर झालं नाही. विचारलं तेव्हा चाचा म्हणाले, "वाईट फळ न्हाई सर. लई गोड. पन एक घास खायाचा तर किती येळा थुकावं लागतंय! तुमचं बोलनं तसंच हाय. एक गोष्ट सांगता, अन् मदी माफी, माफी, माफी. बिया गिळायला शिका."

मला ते जमलेलं नाही. माझी केजहून बदली झाल्यावर चाचा गेले, ते मला उशिरा समजलं, मी मय्यतीला नव्हतो, आणि हे लिहायला बसल्यापासून पहिली ओळ त्याबद्दलच्या माफीचीच सुचत होती. ती खोडली. त्यांना आवडली नसती.

चाचांनी उभं आयुष्य बसस्टँडजवळ फळं विकली. पपई, टरबूज, मोसंबी, हंगामात बालाघाटाची सीताफळं. सगळी दुनिया त्यांना फळांतच कळायची. आमचे मुख्याध्यापक म्हणजे पपई, वरून पिवळे आणि आत कच्चे. समोरच्या काकू म्हणजे कवठ. "फोडायला दगड लागतो, पन चटनी करावी तर त्येंचीच."

खोलीच्या भाड्याची गोष्ट सांगितली पाहिजे. चाचांनी आकडा सांगितला, मी बरं म्हणालो. चाचांचा चेहरा पडला.

"घासाघीस करा ना सर. एका दमात हो म्हनलात तर मला झोप यायची न्हाई. वाटंल, फसवलं मास्तरला."

मग मी भीत भीत थोडं कमी सांगितलं. चाचा त्याच्याही खाली आले. मला अपराधी वाटून मी वर गेलो, तर ते आणखी खाली. समोरच्या काकू दारात उभ्या राहून ऐकत होत्या. शेवटी त्या ओरडल्या, "चाचा, आता काय उलटं भाडं तुमी देताव का त्यांना?"

बाजारातही हेच. भाजीवालीनं भाव सांगितला की चाचा तिला रागावायचे. "एवढ्या सस्त्यात देतीस, तर घरी काय खातीस गं?" आणि वर चढवून पैसे द्यायचे. पण हाच माणूस घरातला दिवा विनाकारण जळताना दिसला तर जेवणावरून उठायचा. मी खोलीत दिवा चालू ठेवून नळाला पाण्याला गेलो, तर परत येईपर्यंत दिवा बंद आणि दारात चाचा. "सर, खोलीत कोन होतं? कुनाला उजेड दिऊन गेलता?"

घर साधं होतं. मागं माझी पत्र्याची खोली. पुढं त्यांची, तिला मात्र स्लॅब. गल्लीतला तेवढा एकच. त्या पुढच्या खोलीत, रस्ता दिसेल अशा बाजेवर चाची पडलेल्या असायच्या. लकवा मारून उजवं अंग गेलं होतं, वाचा तुटली होती. दिवसभरात एखादा शब्द, तोही लांबून आल्यासारखा. त्यांना लकवा झाला त्या दिवसापासून चाचांनी दुकान बंद केलं ते केलंच.

आणि तो स्लॅब! पश्चिमेचं घर, उघडं छत. होळी झाली की छत तापायला लागायचं, आणि दुपारी खोलीत गेलं की डोक्यावर कुणीतरी तवा धरल्यासारखं वाटायचं. चाचांनी वर चुना फासून बघितला, ओली पोती टाकून बघितली. पोती वाळायची आणि छत पुन्हा तापायचं. चाचींना कूस बदलता यायची नाही. त्या तव्याकडं बघत त्या पडून असायच्या. त्यांच्या आणि त्या छताच्या मध्ये एक पंखा होता, बस.

आणि आमच्याकडं लाईट दुपारीच जाते.

लाईटीशी चाचांचं बोलणं होतं. आली की, "आलीस का माहेरावून? ये, बस." गेली की, "निघाली बया. सांगून तर जात जा." पण हा विनोद तोंडाचाच. लाईट गेली की चाचा असतील तिथून घराकडं निघायचे. मशिदीबाहेर कुणाशी बोलत असोत, हॉटेलात चहा पुढ्यात असो. येऊन चाचींच्या उशाशी बसायचे, विंझणा घ्यायचे आणि लाईट येईपर्यंत वारा घालायचे. एकदा तर निम्मी दाढी झालेली असताना आले. एका गालावर साबण, गळ्यात न्हाव्याचं फडकं. पाठोपाठ न्हावी वस्तरा घेऊन. चाचांनी विंझणा थांबवला नाही. न्हाव्यानं उरलेली दाढी तिथंच केली आणि शिव्या देत गेला. चाची अर्ध्या तोंडानं किती तरी वेळ हसत होत्या.

वारा घालता घालता ते त्यांना बाजार सांगायचे. कोण कुणाशी भांडलं, शेजारच्या युसूफ वडगावचा कोणता शेतकरी कसली टरबुजं घेऊन आला, व्यापारी काय म्हणाला. सगळ्यांचे आवाज काढून. निम्मं खोटं असणार, कारण त्या दिवशी ते बाजारात गेलेलेच नसायचे.

मी एकदा म्हणालो, "चाचा, द्या मी घालतो थोडा वेळ."

दिला. चार हात मारले असतील, लगेच काढून घेतला. "सर, तुमी वारा घालताव का माशा हाकलताव?"

त्यांचा उजवा खांदा सुजलेला असायचा. सकाळी तेल चोळून घ्यायचे, पण दुपारी पुन्हा तोच हात. मी चाचींच्या चेहऱ्याकडं बघायचो, वारा लागतो का म्हणून. चाची मात्र वारा लागत असताना डोळे मिटायच्या नाहीत. त्यांची नजर चाचांच्या त्या खांद्यावर असायची. मी ते पाहिलं होतं. समजलं नव्हतं.

अशात नगरपंचायतीच्या आवारात मंडप उभा राहिला. घराच्या छतावर सोलार बसवा, सरकार अनुदान देतंय. मी उत्साहानं घरी येऊन सांगितलं, "चाचा, बिल जवळजवळ येतच नाही म्हणे."

"बिलाचं जाऊ द्या. पंखा थांबंल का न्हाई, ते इचारा."

आम्ही दोघं गेलो. सोलारवाला हसतमुख गडी होता. चाचांनी सरळ विचारलं, "लाईट गेल्यावर बी चालंल?"

तो म्हणाला, "चाचा, सूर्याला कधी लोडशेडिंग असतंय का?"

मंडपातले सगळे हसले. मीही हसलो. मी मराठी शिकवतो, विजेतलं मला काही कळत नाही. पण ते उत्तर नव्हतं, नुसतं वाक्य होतं, एवढं मराठीच्या मास्तराला तरी कळायला हवं होतं. चाचांनी त्याचा खांदा वाजवला आणि म्हणाले, "वाजतोय तर बरा."

पहिलीच अडचण निघाली ती मीटरची. मीटर चाचांच्या वडलांच्या नावावर. वडील जाऊन कैक वर्षं झालेली. अनुदान हवं तर मीटर हयात माणसाच्या नावावर पाहिजे. चाचांनी अर्जाचा कागद उलटा करून ठेवला. मला आधी कारण कळेना. मग आठवलं. बिलं वाटणारा माणूस गल्लीत येऊन नावानं ओरडायचा, आणि वडलांचं नाव आलं की चाचा आतून "जी!" म्हणत, टोपी नीट करून बाहेर यायचे. बिल दोन्ही हातांनी घ्यायचे.

त्या संध्याकाळी मला म्हणाले, "अब्बा गेले, पन महिन्याला एकदा का हुईना त्यांना कुनीतरी हाक मारतंय सर. ते बी बंद करू?"

मी म्हणालो, "राहू द्या मग. दुसरं काहीतरी बघू."

सकाळी शाळेला निघालो तर चाचा दारात. "चाचीच्या नावावर करा."

"चाचींच्या? अहो, घर तुमच्या नावावर आहे. तुमच्याच नावावर सोपं पडेल."

"घर माजं हाय. हवा तिची हाय."

वीज कार्यालयातल्या बाबूनंही तेच विचारलं. कावून उगंच लांबचा रस्ता घेताव, म्हणाला. चाचांनी त्याला संमती लिहून दिली, आणि वर त्याला पेरू खायला दिले. बाबूच्या माणसानं घरी येऊन चाचींच्या डाव्या हाताचा अंगठा घेतला. शाई पुसायला चाचांनी कुणाला हात लावू दिला नाही.

त्यानंतरचं पहिलं बिल आलं तेव्हा मी घरीच होतो. वाटणाऱ्यानं गल्लीत एक नाव पुकारलं. कुणीच पुढं आलं नाही. त्यानं पुन्हा पुकारलं. समोरच्या काकू म्हणाल्या, "ह्या नावाचं हितं कुनी न्हाई बाबा." इतकी वर्षं समोरासमोर राहून त्यांनाही ते नाव माहीत नव्हतं. गल्लीला त्या चाचीच होत्या.

चाचा दाराशी उभे होते. हाताच्या खुणेनं सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं. तिसऱ्यांदा नाव पुकारल्यावर आतून, बाजेवरून, तुटका आवाज आला.

"जी."

काकूंनी पदर तोंडाला लावला. नाव मी इथं लिहीत नाही. ते लिहायला नाही, हाक मारायला आहे.

मग सोलार बसायचं काम निघालं आणि गल्लीत वेगळंच भांडण उभं राहिलं. त्या छतावर उन्हाळ्यात सगळ्या गल्लीची वाळवणं पडायची. कुरडया, सांडगे, ईदच्या शेवया, सगळं तिथं. बाकीच्यांच्या डोक्यावर पत्रे, वाळवण घालणार कुठं? सोलारवाला कमरेइतक्या उंचीचा सांगाडा लावणार होता. चाचांनी त्याला वर नेलं.

"काकू हितनं वाकून जातील का?"

"वाकायचं थोडं."

"त्या काकू कुनाफुडं वाकत न्हाईत. उंच करा."

जास्तीचा खर्च चाचांनी अंगावर घेतला आणि सांगाडा माणूस उभा राहील एवढा झाला. तरी सोलारच्या पाट्या बसल्यावर काकू वर जाऊन आल्या आणि दाणदाण जिना उतरल्या. "चाचा, निम्मं ऊन खाल्लं की तुमच्या सोलारनं!"

"काकू, ऊन तेवढंच हाय. जरा सरकलंय. सकाळी त्या कडंला, दुपारी ह्या कडंला. तुमी उनासंगं चला."

"आन् कुरडया?"

"त्यांचा बी हात धरा."

काकू पुटपुटत का होईना, चादर ओढत उन्हामागं फिरू लागल्या. दोन घटका सावलीत उभं राहायला मिळतं, हे त्यांना आवडलं होतं, पण ते त्या बोलणार नव्हत्या.

सोलार चालू झालं त्या दिवशी चाचांनी गल्लीला शरबत पाजलं. एकेका पाटीला टकटक करून बघितलं आणि "पिकलंय," असं जाहीर केलं. खाली येऊन चाचींच्या उशाजवळचा विंझणा काढून फडताळावर ठेवून दिला. चाचींना म्हणाले, "आता लाईट जाऊ दे गावाला."

दुसऱ्या दिवशी दुपारी लाईट गेली. बाहेर ऊन रणरणत होतं, वर पाट्या चकाकत होत्या. आणि खोलीतला पंखा हळू हळू होत थांबला.

चाचा पंख्याकडं बघत राहिले. बटण खालीवर करून बघितलं. मग फडताळावरचा विंझणा काढला आणि आपल्या जागेवर बसले. त्या दिवशी त्यांनी बाजार सांगितला नाही.

मी सोलारवाल्याला फोन केला, आयुष्यात पहिल्यांदा कुणावर तरी ओरडलो. तो आला. म्हणाला, हे असंच असतं. हे सोलार तारेच्या आधारानं चालतं, तार मेली की तेही बंद पडतं. लाईट नसताना चालायला बॅटरी लागते, तिला अनुदान नाही. बॅटरीची किंमत ऐकून मी खाली बघितलं.

चाचांनी विचारलं, "पन बंद कावून करायचं? ऊन तर हाय."

"चाचा, लाईट गेली म्हणजे कुणीतरी वायरमन खांबावर चढलेला असतो. तुमच्या घरातून करंट उलटा तारेत गेला, तर तो जागेवर मरंल. म्हणून आपोआप बंद होतंय."

चाचांचा विंझणा चालूच होता. "म्हंजे पंखा बंद हाय तवर खांबावरचा मानूस जिता हाय?"

"तसंच समजा."

"मग ऱ्हाऊ द्या बंद." मग म्हणाले, "पन तुमी ते मंडपात सांगायचं होतं बाबा. मी हसायला न्हवतो आलो."

तो मान खाली घालून गेला. मीही तिथंच होतो. रात्रभर शब्द जुळवले आणि सकाळी त्यांच्यापुढं गेलो. "चाचा, चूक माझी आहे. मी तुम्हाला नेलं, मीच नीट विचारलं नाही, वर हसलो. तुमच्या वडलांचं नाव गेलं, पैसा गेला..."

"सर, तुमी काय इंजिनेर हाव का?"

"नाही."

"मग कशाला दुसऱ्याची चूक खांद्यावर घिऊन हिंडताव? त्याला त्याची ऱ्हाऊ द्या." पण माझ्याकडं न बघता बोलले. त्या आठवड्यात ते छतावर गेले नाहीत. कुणी सोलारचं काही विचारलं तर फळांचं बोलायचे. दुपारी लाईट जायची आणि उजवा हात सुरू व्हायचा.

पाडवा होऊन गेला होता. शाळा सकाळची झाली होती, म्हणून मी दुपारी घरी असायचो. अशाच एका दुपारी पुढून हाक आली, "सर! लवकर या!" मी घाबरून धावलो. चाचा बाजेशेजारी उभे, आणि चाचींनी डाव्या हातानं त्यांचं मनगट धरून ठेवलेलं. विंझणा मध्येच थांबलेला.

"ही मला वारा घालू दीना. वर दावतीय. पंखा म्हनलं तर न्हाई म्हनतीय."

चाचींनी मनगट सोडलं आणि बोट पुन्हा वर केलं. ओठ जुळवायला वेळ लागला.

"छत."

"छताला काय झालं?"

"गार."

चाचांना कळेना. मलाही कळेना. मग ते स्टुलावर चढले, सवयीनं आधी छत वाजवलं, आणि नंतर तळवा टेकवला. तळवा तिथंच राहिला.

"सर, तुमी हात लावा."

मी चढलो. चैत्रातल्या भर दुपारी ते छत रांजणाच्या पाठीसारखं गार होतं. कडा सोडल्या तर पाट्यांची सावली सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्यावर पडून होती, खालून वारा खेळत होता. दररोज खोलीत जाणारे आम्ही दोघं शहाणे पंख्याकडं बघत बसलो होतो. छताकडं बघणारं एकच माणूस होतं.

चाचा स्टुलावरून उतरले. "हे सरकारला ठावं हाय का?"

"नसावं."

"मग नका सांगू. अनुदान परत मागतील."

चाची हसल्या. चाचाही हसले, आणि मग एकदम भिंतीकडं तोंड करून टोपी नीट करत राहिले.

खोली काही थंड हवेचं ठिकाण झाली नव्हती, पण जीव घाबरा होत नव्हता. तरी चाचांचा हात सवयीनं विंझण्याकडं जायचाच. बॅटरी हप्त्यानं मिळते का, ते मी चौकशी करून आलो होतो. ते सांगावं आणि सोबत माफीचं राहिलेलं थोडं बोलून टाकावं, म्हणून एका दुपारी मी पुढं गेलो. लाईट नव्हती. दार उघडंच होतं.

चाचा बाजेच्या कडेला खुर्चीत झोपले होते. मान मागं, तोंड उघडं, उजवा हात मांडीवर सैल पडलेला. इतकी वर्षं दुपारी मी त्यांना झोपलेलं पाहिलं नव्हतं. चाची जाग्या होत्या, त्यांच्याचकडं बघत. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी डावं बोट ओठावर ठेवलं.

मी मागं फिरलो, तर त्यांनी हातानं थांबवलं. भिंतीवरच्या बटणाकडं दाखवलं.

मी हळूच म्हणालो, "चाची, लाईट नाही."

त्यांनी मान हलवली. बोटानं हवेत काहीतरी दाबल्याची खूण केली.

"बंद."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. तो जुना पंखा सुरू होताना आधी कण्हायचा, मग घर उठेल असा कुरकुरायचा. लाईट आली असती तर चाचा जागे झाले असते.

मी पंख्याचं बटण अंगठ्यानं धरून, आवाज होणार नाही असं सावकाश बंद केलं आणि चपला हातात घेऊन बाहेर आलो.